एक सेल ज्यादा

माझे मामा भर दुपारी बॅटरी लावून घरात हिंडायचे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या, आणि हे आपले स्वयंपाकघरात मिठाची बरणी शोधताना फडताळावर झोत मारतायत. त्यांच्या गावात, कुंडलमध्ये, सगळे त्यांना 'बॅटरी फौजी' म्हणत. येणारा-जाणारा ओसरीवरून हटकायचा, "काय फौजी, सूर्य उतरला वाटतं आज?" मामा आतून ओरडायचे, "त्येचं सेल बदलाय आल्यात, वर जाऊन सांग की जरा!" मग दोन्हीकडून हसणं व्हायचं आणि तो माणूस पुढे जायचा.

आधी एका शब्दाचा खुलासा करते. आमच्याकडे बॅटरी म्हणजे हातात धरायची, बटण दाबलं की उजेड पाडणारी. शिकलेले लोक तिला टॉर्च म्हणतात. तिच्या पोटात घालतात ते सेल. मामांच्या लेखी यात गोंधळाला जागाच नव्हती. एकदा माझ्याकडे कराडलगतच्या मलकापूरला आले असताना ते कराडच्या एका मोबाइलच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "बॅटरीचं मोठं सेल द्या." दुकानदारानं विचारलं, "काका, कुठली बॅटरी? मॉडेल सांगा." मामा म्हणाले, "इस्टीलची." तो बिचारा मोबाइलची नावं घेत राहिला आणि मामा प्रत्येक नावाला "न्हाई रं, इस्टीलची" म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत मला म्हणाले, "दुकान घालून बसलाय गडी, अन् बॅटरी म्हाईत न्हाई."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फौजेत ते टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते. निवृत्त होऊन आले ते पेन्शन आणि ही बॅटरी घेऊन. तीन सेलची, स्टीलची, जागोजागी पोचे पडलेली. गावात येऊन थोडा ऊस लावला, मामींशी भांडणं केली, मुलाचं, दिलीपदादाचं, लग्न करून दिलं. पण जीव सगळा त्या बॅटरीत. तिच्यात ते मुद्दाम दोन सेलच्या बॅटरीचा बल्ब घालायचे. म्हणजे बल्ब दोनाचा आणि ताकद तीनाची. उजेड असा पांढराफेक पडायचा की लांबच्या विहिरीच्या काठावर बसलेला बगळा दिसावा.

"कंपनी कमीच लिवती," हा त्यांचा सिद्धान्त. "बल्बावर अडीच व्होल्ट लिवलंय म्हंजी त्यो साडेचार सोसतोय. उगं कुणाचं बोलणं खायला नगं म्हणून कमी लिवत्यात. आपून एक सेल ज्यादा टाकायचा." मी म्हणायचे, "मामा, पण जळतो की हो लवकर." त्यावर उत्तर तयार असायचं. "जळंना. पिवळा उजेड म्हंजी हळदीचं दूध. आजाऱ्यानं प्यावं." बल्ब गेला की ते तो हातात घेऊन निरखायचे, काळा पडलेला काचेचा मणी अंगठ्यानं पुसायचे आणि तुळशीच्या कट्ट्याखाली टाकून द्यायचे. मामी भाकरी थापता थापता आतून सुनवायच्या, "आवं, बल्बांचा जीव घेताय नुसता. लग्न झाल्यापास्नं काय उजेड पाडला म्हणावं, तर ह्यो एवढाच." यावर मामा मोठ्यानं हसत आणि मुद्दाम मामींच्या तोंडावर झोत मारत. मामी पिठाच्या हातानं डोळे झाकून शिव्या घालत.

'एक सेल ज्यादा' हे त्यांचं बॅटरीपुरतं नव्हतं. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना एक भाकरी ज्यादा पडायची. एसटीत न मावणारं एक गाठोडं ज्यादा असायचं. माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा गुळाची ढेप खांद्यावर घेऊन स्टँडपासून चालत आले. सासरे म्हणाले, "अहो, या वयात कशाला? रिक्षा करायची." मामा घाम पुसत म्हणाले, "माणसाच्या अंगावर बी कंपनीनं कमीच लिवलंय, पाव्हणं." सासऱ्यांना काही कळलं नाही, पण ते वाक्य आमच्या घरात पुढे कायमचं राहिलं. कुणी दमलो म्हणालं की दुसरा म्हणतो, कंपनीनं कमीच लिवलंय.

एका सकाळी भाकरी थापताना मामींचा उजवा हात पिठातच राहिला. अंगावरून वारं गेलं होतं. कराडला नेलं, दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला. पण उजवं अंग गेलं ते गेलंच आणि बोलणंही गेलं. एवढी सडेतोड बोलणारी बाई, पण तिच्या तोंडात एकच शब्द उरला, 'बास'. पाणी हवं असलं तरी बास. पाणी पुरे झालं तरी बास. मी दारात दिसले की डाव्या हातानं मला बोलवायच्या आणि तोंड भरून म्हणायच्या, "बास!"

मामांना त्यातली प्रत्येक बास वेगळी ऐकू यायची. मला समजावून सांगायचे, "ही बास पंख्याची. मगाचची कूस बदलायची व्हती. अन् ही दिलीपचा फोन आला न्हाई त्येची." एकदा मी थट्टेनं म्हणाले, "मामा, जन्मभर मामी तुम्हाला जे सांगत आल्या, तेवढंच नेमकं शिल्लक राहिलं बघा." मामा खूप हसले. हसता हसता उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दिलीपदादा पुण्याला असतो. तो वाईट माणूस नाही, हे मी इथंच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत मुलगा वाईट असला की ऐकणाऱ्याला सोपं जातं. दोन खोल्यांचं घर, वहिनीची नोकरी, मुलांच्या शाळा. त्यानं चौकशी करून एक केंद्र शोधलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या बायकांची तिथं नीट देखभाल करत. आईला तिथं ठेवायचं, बाबांनी आपल्याकडे राहायचं आणि जमेल तेव्हा जाऊन भेटायचं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फौजेत व्हतो तवा हिनं एकटीनं काढली रं. सुट्टी सपून निघालो की ही फाटकापर्यंत यायची अन् तोंड फिरवून उभी ऱ्हायची. आता ती एकीकडं अन् मी एकीकडं, ह्ये पुन्यांदा करायचो न्हाई." दादानं माझ्याकडे बघितलं.

मग सगळं मामाच करू लागले. अंघोळ, कपडे, वेणी, मऊ भात कालवून भरवणं. वेणी इतकी घट्ट घालायचे की मामींच्या भुवया वर चढायच्या. मी रविवारी कराडहून एसटीनं जायचे, मामींना न्हाऊ घालायचे, आठवड्याची धुणी काढायचे. गावातल्या एक-दोघी बायकांना विचारून बघितलं होतं, पण ज्या हलत्या-फिरत्या त्या सगळ्या द्राक्षबागेच्या नाहीतर उसाच्या कामाला. शिवाय मामांना कुणाचं काम पसंत पडायचं नाही.

आणि मग पाठीला जखम झाली. माकडहाडावर, पडून पडून. डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं आणि मामांना जखम धुवायला, पट्टी बदलायला शिकवलं. जाताना म्हणाले, "फौजी, एकच लक्षात ठेवा. आतून लाल दिसलं तर भरतेय. पांढरं दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका, मला फोन करा. आत सडलं तर आपल्या हातात राहणार नाही." हे वाक्य मामांनी देवाचं नाव घ्यावं तसं घेतलं. लाल की पांढरं, लाल की पांढरं. दोन्ही वेळेला बॅटरी दातात धरून ते जखमेत बघत. दिवसासुद्धा बॅटरी लावायला त्यांनी सुरुवात केली ती तेव्हापासून. गावाला वाटलं, म्हाताऱ्याचं जुनंच वेड वाढलं. मलाही तसंच वाटलं.

एका रविवारी मी जाताना पेढे नेले होते. मामा समोर बसलेले, आम्ही बोलत होतो. मी बोलता बोलता हातावर पेढा ठेवून त्यांच्यापुढे धरला. ते माझ्या तोंडाकडे बघत बोलत राहिले. उसाच्या तोडीचं काहीतरी सांगत होते. माझा हात तसाच. मला वाटलं, रंगात आलेत. मी म्हणाले, "मामा, पेढा घ्या." ते थबकले. "कुठाय?" म्हणाले. आणि त्यांनी मांडीवरची बॅटरी उचलून, लावून, माझ्या गुडघ्यापासून झोत सरकवत सरकवत माझ्या तळव्यापर्यंत आणला. दुपारची वेळ. उन्हाचा पट्टा थेट माझ्या हातावर पडलेला होता.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बल्ब न्हाई उतरला, पोरी. मी उतरलोय."

कुणालाही न सांगता ते मिरजेला जाऊन आले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली धरून ठेवायला थेंब घाला. त्या थेंबांची बाटली मामींच्या औषधांच्या डब्यात होती. मी दर रविवारी तो डबा पुसायचे आणि ती मामींचीच समजायचे. "कसं दिसतं?" मी विचारलं. "नळीतनं बघितल्यागत. मदी तेवढं दिसतंय, भवतीनं काय न्हाई. अन् त्या मदल्याला बी आता लय उजेड लागतोय." असं म्हणून ते हळूच म्हणाले, "दिलीपला सांगू नगंस. त्याला कळलं तर तिला उचलून नेतील."

मला संताप आला. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. चूल, गॅस, विहीर, पायऱ्या, सगळ्यांची नावं घेऊन बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, त्यानं माझा हात धरला, चाचपत मला मामींच्या खाटेपाशी नेलं आणि माझा हात मामींच्या डोक्यावर ठेवला. "हिची शप्पथ घे." मामी आमच्या दोघांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बास." ती बास त्यांना होती की मला, हे त्या वेळी मामांनीही सांगितलं नाही. मी शपथ घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी तेच सांगितलं.

मी त्यांना कराडहून एक नवी बॅटरी आणून दिली. आजकाल मिळते तशी, हलकी, एलईडीची, चार्ज करायची. त्यांनी ती लावून मामींच्या पाठीवर धरली आणि लगेच विझवली. "ह्यो उजेड निळा हाय. ह्येच्यात लाल ते लाल दिसत न्हाई. सगळं मढ्यागत दिसतंय." मी बघितलं, तर खरंच, त्या उजेडात माझ्याच तळहाताचा रंग उडाल्यासारखा वाटला. ती बॅटरी त्यांनी परत खोक्यात घालून माझ्याजवळ दिली.

मग त्यांनी आपल्या बॅटरीत आणखी ताकद कोंबायला सुरुवात केली. पहिल्यांदा मागं पाइपचा तुकडा जोडून चौथा सेल घातला. बल्ब धडाधड जायला लागले. तसले छोटे बल्बही आता दुकानात येईनासे झाले होते. जुन्या दुकानदारांनी खोकी झाडून उरलेसुरले दिले, तेही संपले. तेव्हा मामांनी फवारणीच्या पंपातली चार्जिंगची बॅटरी फोडली. त्यातले दोन सेल काढले, हलू नयेत म्हणून त्यांना जुन्या कॅलेंडरचा कागद गुंडाळला आणि ते त्या स्टीलच्या नळकांड्यात बसवले. पुढं कुणाच्यातरी भंगारात पडलेल्या मोपेडचा बल्ब. बल्ब सहा व्होल्टचा, ताकद आठाची. पुढची काच उजेड खाते म्हणून काचही काढून टाकली. डोळे मिटून बोटांनी चाचपत हे सगळं त्यांनी जोडलं, कारण जोडायला बॅटरी लागली असती आणि बॅटरीच तर उघडून ठेवलेली होती. हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

त्या रविवारी मी गेले तर ते दारातच उभे. "ये, ये, बघ!" मला ओढत आत घेऊन गेले. मामींना कुशीवर वळवलं, पट्टी सोडली. मोपेडच्या बल्बानं बॅटरी दातात धरायला अवजड झाली होती, म्हणून ती गादीवर ठेवली, तोंड जखमेकडे करून, मामींच्या उजव्या मांडीला टेकवून. बटण दाबलं. खोलीत जणू आणखी एक खिडकी उघडली. मामा अगदी जवळ वाकले, इतके की नाक पाठीला लागेल. "लाल हाय!" म्हणाले. "पोरी, लाल हाय! भरतीया! खोटं सांगतोय का बघ!" खरंच जखम भरत होती. आतून स्वच्छ, लालबुंद. ते वळून माझ्याकडे बघून हसले, म्हणजे मी जिथं आहे असं त्यांना वाटत होतं तिकडं बघून. त्या दिवशी त्यांनी स्वतः शिरा केला. साखर नेहमीप्रमाणे ज्यादा होती. मामींना भरवताना म्हणत होते, "दोघं जातो का न्हाई बघ अजून शिखर शिंगणापूरला." मामी चार घास खाऊन "बास" म्हणाल्या, तरी त्यांनी पाचवा भरवला.

पुढच्या दोन रविवारी मला जाता आलं नाही, घरात सगळे तापानं पडले होते. तिसऱ्या रविवारी गेले. मामा पाणी तापवत होते. मी मामींना न्हाऊ घालायला म्हणून लुगडं सोडलं, कुशीवर वळवलं आणि माझे हात थांबले. उजव्या मांडीवर मागच्या बाजूला बांगडीएवढं गोल भाजलेलं होतं. एक नव्हे. एकावर एक, थोडी सरकलेली, काही वाळलेली, एक ओली. कसले वळ आहेत ते मला विचार करावा लागला नाही. बॅटरी तिथंच गादीवर पडलेली होती, काच काढलेली, कडेचं स्टील तापून निळं-जांभळं झालेलं. सहाच्या बल्बाला आठाची ताकद देऊन ते तोंड मामा रोज दोन्ही वेळा त्या मांडीला टेकवत होते, आणि त्या मांडीला संवेदना नव्हती.

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. मामींच्या डाव्या हातानं आधी माझं मनगट पकडलं, मग तोच हात वर येऊन माझ्या तोंडावर बसला. एवढी ताकद त्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं. "बास," मामी म्हणाल्या. अगदी हळू, दाराकडे बघत. मांडीला कळलं नसेल, पण त्यांना वास आला असेलच. पट्टी बदलताना मान वळवून दिसतही असेल. त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्या गप्प पडून राहिल्या होत्या. मला इतकं रडू आलं, आणि इतका राग आला दोघांचाही, की काय करावं ते कळेना. दोघं मिळून कुठवर ताणणार होती?

मामा तांब्या घेऊन आत आले. "गप का झालीस? पांढरं आलंय का?" मी म्हणाले, "नाही मामा, लाल आहे." माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यांनी तांब्या खाली ठेवला, खाटेची कड धरत आले आणि मी अडवायच्या आत त्यांची बोटं जखमेवरून पुढे सरकत त्या मांडीवर गेली. थांबली. पुन्हा फिरली. "ही नवी कुठली?" म्हणाले. मग, "गोल हाय." मामी "बास, बास" करत त्यांचा हात ओढत होत्या. मामांनी बॅटरी उचलली. ती थंड होती. तिचं तोंड त्यांनी हळूच, अंदाजानं, त्या वळावर ठेवलं. बरोब्बर बसलं.

ते खाली जमिनीवर बसले. "तिला कळलं न्हाई गं," म्हणाले. "तिला कळलं न्हाई अन् मला दिसलं न्हाई." हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मामींचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, तो त्यांच्या डोक्यापर्यंत पोचला. टाळूवरून फिरत राहिला. पाणी निवून गेलं तरी तो फिरतच होता.

मग मामांनी बॅटरीचं बूड फिरवून सेल बाहेर काढले, कागद सोडवला आणि मला म्हणाले, "दिलीपला फोन लाव." मी लावला नाही. मी म्हणाले, मी रजा काढते, महिनाभर येऊन राहते, मग बघू. ते म्हणाले, "तू रविवारची हायस, पोरी. तुझं बी घर हाय." मी म्हणाले, मग निदान तुम्ही तरी दादाकडे जा, भेट होत राहील. तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "हितं मला घर पाठ हाय. तिथं गेलो की मी आंधळा. तिला भेटायला बी कुणीतरी हात धरून न्यायचं, अन् तिनं ते बघायचं? नगं." फोन शेवटी त्यांनीच बटणं चाचपून लावला. इतकंच म्हणाले, "गाडी घिऊन ये. आईला न्यायचंय." पलीकडून दादानं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मामा म्हणाले, "काय झालं न्हाई. आता माझ्याच्यानं हुईना, म्हणून."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कंपनीनं कितीही कमी लिहिलेलं असो, त्यांचं ते संपलं होतं.

मामी त्या केंद्रात एक उन्हाळा काढून गेल्या. त्यांच्यामागून मामाही फार राहिले नाहीत. झोपेतच गेले. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण मला ते आठवतात ते मामींना नेलं त्या सकाळचे. दाढी केलेली, दोन ठिकाणी कापून घेतलेलं. इस्त्रीचा पांढरा सदरा. मामींची वेणी त्यांनी पहाटेच घालून ठेवली होती, नेहमीसारखी घट्ट. रुग्णवाहिका दारातच लागली. मामींना आत ठेवलं, दार लावलं. मामा रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले, तोंडावर हसू आणून. मी शेजारी होते.

गाडी निघणार एवढ्यात दिलीपदादा आईची चादर राहिली म्हणून पुन्हा घरात गेला. त्याच वेळी मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला आणि आमच्यासमोरून धडधडत निघाला. मामांनी हात वर केला. त्या आवाजाबरोबर त्यांची मान वळत गेली, हात हलत राहिला, ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत, आवाज पार विरून जाईपर्यंत. मग हात खाली आला. ताठपणा गेला, हसू गेलं. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

"गेली," ते म्हणाले. "हात केला का गं तिनं?"

रुग्णवाहिका तिथंच होती, आमच्यापासून हातभर अंतरावर. बंद काचेच्या आत मामी कुशीवर वळल्या होत्या आणि त्यांनी डावा तळवा काचेला लावला होता.

"केला, मामा," मी म्हणाले. "अजून करतायत."

"अजून?" मामा म्हणाले आणि त्यांनी घाईनं हात वर केला, रस्त्याच्या वळणाकडे, जिकडे ट्रॅक्टर गेला होता तिकडे. मी त्यांचं मनगट धरलं, त्यांना वळवलं आणि तो हात नेऊन काचेवर ठेवला, मामींचा होता तिथंच.